मागे बघायचं नाही

सावखेड्याचा गडी बायकोला घेऊन गावाला निघाला की तो पुढे चालायचा आणि ती मागून. यात नवल काही नाही, सगळीकडे तेच होतं. पण सावखेड्यात या चालण्याला माप होतं. दोघांच्या मधून भरलेली बैलगाडी आडवी निघून जाईल एवढी जागा सुटली पाहिजे. बायको त्याहून जवळ आली तर गडी तिच्या कह्यात गेला म्हणायचे, त्याहून मागे पडली तर सून कामचुकार म्हणायचे. पेटी, गाठोडं, पोर, जे असेल ते तिच्या डोक्यावर नाहीतर कडेवर. गड्याचे हात मोकळे. ही रीत कोणी घातली ते कोणाला ठाऊक नव्हतं. ज्याने घातली तो ओझं वाहणारा नव्हता, एवढं नक्की.

आणि गड्याने मागे बघायचं नाही. काही झालं तरी नाही. गावात एक म्हातारा होता, त्याला लहान पोरंसुद्धा 'मांगेदेख्या' म्हणायची. तरणा असताना बोरी नदीच्या पाण्यात बायकोचा पाय सरकला म्हणून त्याने वळून तिला हात दिला होता. काठावर गाव उभं होतं. बायको पुढे हगवणीने मेली, जमीन भावांनी खाल्ली, म्हाताऱ्याचे डोळे गेले. नाव तेवढं राहिलं.

निंबाला त्या नावाची लहानपणापासून धास्ती होती. सहा फुटी, रुंद खांद्यांचा गडी. चालायला लागला की मान अशी ताठ, जणू डोक्यावर पाण्याने भरलेली घागर आहे. त्याची आई भिकुबाई ओट्यावर बसून ती मान बघायची आणि शेजारणीला सांगायची, "याना बाप असाच चालत व्हता." बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती.

लग्नाला चार वर्षं झाली तरी निंबाने बायकोला, कमलबाईला, उजेडात नीट पाहिलं नव्हतं. हे खोटं वाटेल. पण हिशोब बघा. दिवसभर ती पदराआड. आईसमोर बायकोशी बोलायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही. पाणी हवं असलं की तांब्या जमिनीवर आपटायचा, जेवायला यायचं असलं की दारातून खाकरायचं. रात्री बोलायचं ते अंधारात, कुजबुजत. आणि वाटेवर ती मागे. त्याने बघायचं कधी?

बघितलं नाही, पण ऐकलं होतं. तिच्या पायात माहेरच्या चांदीच्या तोरड्या होत्या, आतून पोकळ, आत खडे. ती दमली, रागावली, घाईत आहे, सगळं त्याला त्या आवाजावरून कळायचं, असं त्याचं म्हणणं होतं. वाटेत त्याने खाकरलं की ती एक पाय जरा जोरात टाकायची. तोरडी वाजायची. म्हणजे, आहे मी, चला. एवढ्यावर संसार चालला होता आणि चांगला चालला आहे असं निंबाला वाटत होतं.

एकोणसत्तर सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. आखाजीला खानदेशातली प्रत्येक सासुरवाशीण माहेरी जाते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते, आणि सण सरला की नवरा न्यायला येतो. कमलबाईचं माहेर पहूर. निंबा तिला आणायला गेला. पहूरहून छोट्या गाडीने पाचोरा, तिथून मोठ्या गाडीने चाळीसगाव, चाळीसगावला पूल ओलांडून धुळ्याची गाडी, आणि शिरूडला उतरून कोसभर पायी. असा तो रस्ता.

पाचोऱ्याच्या फलाटावर कमलबाईने तोरड्या काढल्या. उन्हाने पाय सुजले होते आणि डाव्या तोरडीने घोटा सोलून निघाला होता. तिने त्या गाठोड्यात बांधल्या. निंबा दुसऱ्या बाकावर तिच्याकडे पाठ करून विडी ओढत होता. त्याला काय कळणार? पुढच्या गाडीत तो गड्यांच्या डब्यात आणि ती जनाना डब्यात.

चाळीसगावला उतरला तेव्हा फलाट माहेरवाशिणींनी भरलेला. ज्याच्या त्याच्या मागे तोरड्या वाजत होत्या. निंबाच्याही मागे वाजल्या. तो निघाला. कमलबाई त्याच्या मागेच होती, डोक्यावर पत्र्याची पेटी, पेटीत पापड, कुरडया, शेवया, काखेत गाठोडं. पण वाजत होत्या त्या दुसऱ्याच कोणाच्या.

पुलाच्या उतरणीवर तिचा पाय चुकला. पेटी गडगडत खाली गेली. पायरीची लोखंडी पट्टी पायात घुसली. आणि तिने हाक मारली.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग हाक मारायची कशी? "ओ!" एवढंच. "ओ! ओ, आयका!"

निंबा तोवर खाली फलाटावर पोचला होता. गाडी उभी होती. डब्याच्या दारात त्याच्याच गावचा, चाळीसगावला कामाला आलेला भटू लोंबकळत होता, धुळ्याच्या बाजाराला निघालेल्या आणखी दोन ओळखीच्यांना मागे ढकलत. "ये ये निंबा, जागा धरेल शे!"

निंबाने हाक ऐकली. आवाज त्याने ओळखला. मान वळायला निघाली. दारात तीन माणसं त्याच्याकडे बघत होती. मागे, अगदी जवळ, तोरड्या वाजत होत्या. त्या वाजत आहेत म्हणजे ती आहेच, असं त्याने ठरवलं. मान जागेवर आणली आणि डब्यात चढला.

गाडी सुटली. भटूने तंबाखू मळली. "पुलवर कोन पडनी वाटस."

"व्हई कोनीतरी," निंबा म्हणाला.

शिरूडला उतरला. मागे तोरड्या होत्याच. भटू बाजारासाठी पुढे गेला. निंबा तापलेल्या रस्त्याने कोसभर चालला. एकदा खाकरला. तोरडी काही जोरात वाजली नाही, पण वाजत होती. रुसली असेल, त्याने मनात म्हटलं. बाई माहेराहून आली की रुसतेच.

भिकुबाई दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तयार होती. सून माहेराहून आली की तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकायचा. निंबा सरळ ओट्यावर जाऊन बसला. मागून आलेल्या बाईने पदर नाकापर्यंत ओढला होता. भिकुबाईने तरी सुनेचं तोंड कधी निरखून पाहिलं होतं? तिने पाय पाहिले, तोरड्या पाहिल्या आणि तुकडा ओवाळला.

"अवो आक्का," पदरातून आवाज आला, "मी पानी मांगाले उनू. मनावर तुकडा कसाले ववाळी राह्यनी?"

"तू कोन व?"

"ताईबाई. वाडीनी. भाजी इकस ती!"

ताईबाईने पदर वर केला. पन्नाशीची, दोन दात पडलेली बाई. तिने निंबाकडे बघितलं, भिकुबाईच्या हातातल्या तुकड्याकडे बघितलं, आणि तिच्या ध्यानात सगळं आलं. ती हसत हसत खाली बसली. "अरे देवा! स्टेशनपाइन मी याना मांगे येई राह्यनू. माले वाटे, मानूस कसा सरळ शे, एकदाबी देखत नही बाईकडे!"

"सून कोठे शे?" भिकुबाईने विचारलं.

निंबाने तेव्हा मागे बघितलं. रस्ता रिकामा होता.

गावाला दुसरं काम नव्हतं. संध्याकाळी पारावर हेच. "निंबा, ताईबाईलेच ठेई ले भो, ती तरी मांगे मांगे येस." कोणी म्हणालं, "दात कमी शेत, खानार बी कमी." निंबा बसून राहिला. उठून गेला असता तर आणखी हसले असते.

भिकुबाईला काळजी सुनेची नव्हती, बोलण्याची होती. "कोठे जाई? येई उद्याना गाडीवर. तू जाऊ नको. गडी कधी बायकोले धुंडाले जास का?"

निंबाने आईला सांगितलं की वखराच्या पात्याला, पासेला, लोहाराकडून धार लावून आणायला चाळीसगावला जायचं आहे. पास खांद्यावर टाकून तो सकाळच्या गाडीने निघाला. रेल्वेत बसलेला माणूस आणि खांद्यावर लोखंडाची पास. खोटं बोलायचं तर ते वाहावंही लागतं.

चाळीसगावच्या फलाटावर त्याने रेल्वेच्या पोलिसाला गाठलं.

"बाईमानूस हरवलंय."

"नाव?"

निंबाने आजूबाजूला बघितलं. "घरनं मानूस शे."

"अहो, नाव काय तिचं?"

"कमलबाई." नाव घेताना त्याचे कान तापले.

"रंगाने कशी?"

"सावळी." मग म्हणाला, "उजळच."

"लुगडं कोणत्या रंगाचं होतं?"

निंबाने फलाटावरून जाणाऱ्या एका बाईच्या लुगड्याकडे बघितलं.

"तोंडावर काही खूण? गोंदण? तीळ?"

"पायात तोरड्या शेत," निंबा म्हणाला. "त्याना आवाज जरासा जड येस. डावी जास्त वाजस."

पोलिसाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही मालकच ना तिचे? का शेजारी?"

चहाच्या गाड्यावरचा माणूस ऐकत होता. तो मधेच म्हणाला, "काल पुलावर पडली ती का? पत्र्याची पेटीवाली?"

"हां, पेटी व्हती."

"मग तसं सांगा ना. अहो, केवढी ओरडत होती. 'ओ, ओ' म्हणून. अर्धा फलाट मागे वळून बघायला लागला. ज्याला हाक मारत होती तो टोणगा तेवढा सरळ चालत गेला. तुमचा कोण तो?"

"भाऊ," निंबा म्हणाला.

"बहिरा आहे का?"

"हां. बहिरा शे."

"तरीच." चहावाल्याला बरं वाटलं. बहिरा म्हटल्यावर त्याला जगाचा मेळ लागला. "बोदवडची एक मारवाडीण होती, चंदनबाई. तिने ओढणी फाडून पाय बांधला. तिकडे तिचा शेठ खाकरत उभा, तरी बाईने पाय बांधला, शेवया वेचून पेटीत भरल्या आणि स्वतःबरोबर भुसावळच्या गाडीत बसवलं. पाचोऱ्याला उतरवते म्हणाली. चहा घेणार?"

निंबाने चहा घेतला नाही. पास चहावाल्याकडे ठेवली आणि पाचोऱ्याची गाडी धरली.

पहूरला पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सासरा नथ्थू पाटील ओट्यावर होता. त्याने उठून पाणी दिलं, पाय धुवायला लावले. जावई कसाही असला तरी जावई. खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस ताटात आला. निंबा खाली मान घालून जेवला. मेहुणा वाढताना रसाची वाटी जरा आपटून ठेवायचा.

हात धुतल्यावर नथ्थू म्हणाला, "पोरीच्या पायाले लागलं हाय, जवाई. चार दिस राहू द्या."

"गाव बोली राह्यनं, मामा. आज ना उद्या नेनंच शे."

कमलबाई दारात आली. माहेरी बाईला डोक्यावर पदर घ्यावा लागत नाही. ती उघड्या डोक्याने दाराला टेकून उभी राहिली. चार वर्षांनी बायकोचं तोंड भर उजेडात समोर होतं, आणि निंबाने डोळे खाली केले, कारण सासरा बसला होता. त्याला फक्त पाय दिसला. पायाला ओढणीची पिवळी चिंधी गुंडाळली होती, रक्त वाळून काळं झालेलं. तोरड्या नव्हत्या.

"तुमाले ऐकू आलं व्हतं का?" तिने विचारलं.

"कमल, घरात जाय," नथ्थू म्हणाला.

"मी पुसते फक्त, बाबा. भांडत नाही."

निंबा म्हणाला, "गर्दी व्हती. मांगे तोरड्या वाजी राह्यन्यात, माले वाटनं…"

"मी चार सालं तुमची पाठ पाह्यली," कमलबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. धान्य निवडताना बाई बोलते तसा. "लोकं तोंड पाह्यतात, माह्या वाट्याले पाठ आली. तुमी खुश असले का डावा खांदा खाली येतो. आत्याबाईवर चिडले का उजव्या हाताची मूठ वळते. वाटेत भूक लागली का तुमचे पाय फाकतात. मले सगळं माहीत हाय. पुलावरून मी हाक मारली तवा तुमच्या कानामागची शीर उठली. मान इतकीशी वळली." तिने दोन बोटांत अंतर दाखवलं. "मंग तुमी ती दाबली. मी पायरीवर बसून पाह्यली."

निंबाचा हात आपोआप कानामागे गेला. सगळ्यांनी तो जाताना बघितला.

नथ्थू पाटील खाकरला. "जाऊ दे माय. नवरा हाय." तोही जन्मभर तिच्या आईच्या पुढे चालला होता, ताठ मानेने. तिची आई आतल्या खोलीत चुलीपुढे बसून ऐकत होती.

"येनार नाही असं मी कुठी म्हनते?" कमलबाई म्हणाली. "उद्या येते. पन एक सांगून ठेवते. तोरड्या मी घालनार नाही, घोटा सोलला हाय. आवाज येनार नाही. खाकरले तर पाय वाजवनार नाही. आन हाक मारनार नाही. हाक मारून पाह्यली. मी मांगे हाये का नाही, ते तुमी पाहाचं. जिथं नाही पाह्यलं तिथून मी वापस येईन. मंग न्याले येऊ नका."

रात्रभर निंबाची मान दुखली.

दुसऱ्या दिवशी निघाले. पहूरच्या बाजारपेठेत त्याने एकदा मागे बघितलं. सोपं गेलं, कारण तिथे त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. पाचोऱ्याला दोनदा बघितलं. चाळीसगावच्या पुलावर तर तो दर चार पायऱ्यांना थांबून बघत होता. चहावाल्याने त्याची पास परत दिली. त्याच्याकडे बघितलं, मागच्या बाईकडे बघितलं, तिच्या पायाच्या पिवळ्या चिंधीकडे बघितलं, आणि म्हणाला, "भाऊचे कान बरे झाले वाटतं."

निंबाला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं. धुळ्याच्या गाडीत चढताना तो तिच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "देखं ना? देखी राह्यनू ना मी?"

"इथं कोन वयखतं तुमाले," ती म्हणाली आणि जनाना डब्यात चढली.

शिरूडला उतरले. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना उन्हाळ्याची उघडी काळी जमीन, नांगरलेली. निंबा पुढे, एका खांद्यावर पास. ती मागे, डोक्यावर पेटी, लंगडत. रानात त्याने बघितलं. ती होती. मग गावाचं कडुनिंबाचं झाड दिसायला लागलं, झाडाखालचा पार दिसला, पारावर बसलेली माणसं दिसली. गाडीची वेळ म्हणजे गावाची पारावर बसायची वेळ. कोण उतरलं, काय आणलं, कोणाचं तोंड कसं आहे, हे बघायला.

तिथून त्याची मान जी ताठ झाली ती हलेना. हा ढोंगाचा भाग नव्हता. मान खरंच हलेना. जन्मभर जे अंग गावासमोर वळवलेलंच नाही ते ऐनवेळी कसं वळणार?

तो चालत राहिला. मागे आवाज नव्हता. चिंधी बांधलेला अनवाणी पाय फुफाट्यात पडला तर आवाज कसला येतो? तो खाकरला. काही नाही. पुन्हा खाकरला. सवयच ती.

पार जवळ आला. निंबाने एक युक्ती केली. मागे बघायचं नाही तर पुढच्यांचे डोळे बघायचे. ते त्याच्या पाठीमागे बघत असतील तर ती आहे. त्याने भटूचे डोळे बघितले. भटू त्याच्याकडेच बघत होता. दुसरे बघितले. तेही त्याच्याकडेच. त्याच्या मागे कोणाचीच नजर जात नव्हती.

"निंबा, आज कोन शे रे मांगे?" भटूने हाळी दिली. "सून शे का ताईबाई?"

"का कोन्हीच नही?"

"देखी ले ना भो एकदा. देखाले काय पैसा पडस?"

सगळे हसले. निंबा पारावरून पुढे निघाला. समोर गल्ली, गल्लीच्या तोंडाशी त्याचं दार, दारात आई, आईच्या हातात भाकरीचा तुकडा. आईने मानेनेच खूण केली. ये, सरळ ये.

पुलावर मान दाबली होती तेव्हा निदान तोरड्यांचा आधार होता. आता तोही नव्हता. ती मागे आहे असं स्वतःला सांगायला त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. आणि तिने सांगितलं होतं ते ती करणार, हे तिचा आवाज चढला नव्हता त्यावरून त्याला कळलं होतं. आवाजातलं त्याला कळायचं.

तो थांबला आणि वळला. नुसती मान वळेना, म्हणून सगळा माणूस वळला, खांद्यावरच्या पासेसकट. पास पारावरच्या एकाच्या टोपीला लागली आणि टोपी खाली पडली.

कमलबाई लांब होती. गावाच्या शिवेवर, बाभळीखाली. पेटी डोक्यावरून उतरवून जमिनीवर ठेवलेली, एक हात कमरेवर. पदर मागे गेलेला. ती रडत नव्हती, बसलेली नव्हती. बाजारात गिऱ्हाइकाची वाट बघत बाई उभी राहते तशी उभी होती. गाव समोर आलं आणि त्याची मान आखडली, ते तिने पाठीमागून बघितलं होतं आणि ती तिथेच थांबली होती. संध्याकाळची उलटी गाडी तिला सहज मिळाली असती.

"मांगेदेख्या!" पारावरून कोणीतरी ओरडलं.

आणि सगळ्यात मोठ्याने हसला तो आंधळा म्हातारा, ज्याला ते नाव इतकी वर्षं चिकटलं होतं. त्याला दिसत काही नव्हतं. पण काय झालं ते त्याला कळलं. मांडीवर थापा मारून मारून तो हसला.

निंबा परत निघाला. पारासमोरून. पाठ पाराकडे होती आणि त्या पाठीवर गाव काय काय वाचत होतं ते त्याला पहिल्यांदा जाणवलं. आपला डावा खांदा आता कसा आहे, मूठ वळली आहे का, असलं काहीतरी त्याच्या डोक्यात येत राहिलं. बाभळीपर्यंतची वाट लांब होती.

"चाल," तो म्हणाला.

"पेटी?"

त्याने पेटी उचलली. डोक्यावर घेण्याएवढी छाती त्याला झाली नाही, काखेत मारली. दुसऱ्या खांद्यावर पास. दोघं निघाली. पण चालायचं कसं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. तो पुढे जायचा, थांबायचा. ती लंगडत येऊन गाठायची. मग दोघं एकदम निघायची आणि एकमेकांना अडायची. पारावरची माणसं अजून हसत होती. निंबाचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. तो रागावलेला होता, तिच्यावरही. पण तिची वाट बघत थांबत होता.

दारात भिकुबाईने पेटी मुलाच्या काखेत बघितली. तिने तुकडा ओवाळला नाही. कुत्र्यापुढे टाकला आणि आत निघून गेली. पुढे कितीतरी दिवस ती मुलाशी बोलली नाही. काही हवं असलं की तांब्या आपटायची.

पावसाळ्यापर्यंत घोटा भरून आला. कमलबाईने तोरड्या पेटीतून काढल्या नाहीत. भिकुबाई म्हणाली, "सूनना पाय मुका बरा दिसत नही." कमलबाई 'हो' म्हणाली आणि घातल्या नाहीत. म्हणजे कुठेही जायचं झालं की निंबाला मागे बघावं लागायचं. गाव टपून असायचं. पोरं मोजायची. ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. पुढे मुलगा झाला, तर शाळेत त्यालाही त्याच नावाने ओळखायचे. निंबाला ते कधी आवडलं नाही. आपण चांगलं केलं असंही तो कधी म्हणाला नाही. एकदा भटूशी भांडण झालं तेव्हा एवढंच म्हणाला, "तुनी बायको पुलवर पडनी तर तुले तिनं लुगडं सांगता येई का?" भटूला सांगता आलं नाही. भटूला त्यात लाज वाटण्यासारखंही काही दिसलं नाही.

दोन-तीन वर्षांनी पोळ्याच्या खरेदीला दोघं धुळ्याला गेली होती. आग्रा रोडला माणसाला माणूस चिकटलेलं. निंबा बैलांच्या गोंड्यांचा भाव करून पुढे निघाला, थोडं चालला आणि मागे बघितलं. ती नव्हती. लोकांना ढकलत तो उलटा आला. ती बांगडीवाल्याच्या पाटीपुढे बसली होती, हात पुढे केलेला, बांगडीवाल्याशी हुज्जत घालत. जांभळं लुगडं, काठ हिरवे, उजव्या भुवईवर गोंदण.

तो तिथेच उभा राहिला. तिने वर बघितलं नाही. हिरव्यातला कोणता हिरवा घ्यावा, यात ती गुंतली होती.